विजूकाकाच्या कपाटातली विमानं

"वय वाढलं तसा विजूभाऊंचा हात आणखी सुधारत गेला, बघा," देवधर म्हणाले. "बाकीच्यांचा उतरतो. यांचा चढला."

तुझ्या तेराव्याचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. पुरुषमंडळी हॉलमध्ये तुझ्या काचेच्या कपाटासमोर उभी होती आणि त्यांच्या मागे मी, पाण्याचा ट्रे घेऊन. देवधर म्हणजे तुमच्या छोटी विमानं बनवणाऱ्या ग्रुपमधले सगळ्यांत कडक परीक्षक. ते चष्मा कपाळावर चढवून, वाकून, खालच्या दोन कप्प्यांकडे बघत होते. वरच्या कप्प्यांतली लढाऊ विमानं तू केलेली. खालच्या दोन कप्प्यांतली मी रंगवलेली. हे त्या घरात मला माहीत होतं, काकूला माहीत होतं आणि हार घातलेल्या फोटोतल्या तुला.

"हा जॅग्वार बघा. हिरवा आणि करडा जिथे मिळतात ती कड बघा. कुठे थबकलेला नाही माणूस. याला म्हणतात साधना."

"पाणी," मी म्हणाले.

"ठेव बाळा तिथे." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

ट्रे ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. तू गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा, आणि ते रागाचं होतं. आत्याने मला कुशीत घेतलं. "लाडकी होती हो विजूची," ती कोणाला तरी म्हणाली. मी बोलत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुला सगळ्यांत जास्त माहीत होतं, आणि त्यावरच तू निभावून नेलंस.

असं लिहू नये, मला कळतं. तुझे चपला-बूटही अजून दाराबाहेर आहेत. पण तू असताना मी बोलले नाही, आता तू नाहीस म्हणून बोलायचं नाही, मग माझी पाळी येणार कधी?

आधी चांगलं सांगते, म्हणजे मी विसरले असं तुला वाटायला नको. पाचवीत होते. आई-बाबा दोघं ठाण्यात नोकरीला, म्हणून सुट्टीत माझी रवानगी डोंबिवलीला, तुझ्याकडे. घराच्या मागच्या खोलीत तुझी दातांची लॅब होती. सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि फळीवर ओळीने मांडलेल्या कवळ्या, सगळ्या हसत असलेल्या. मी घाबरून दारातच उभी राहिले.

"कोणाचे आहेत हे दात?" मी विचारलं.

"हे मानपाड्याच्या एका आजोबांचं हसू. उद्या न्यायला येणारेत. ते शेजारचं त्यांच्या बायकोचं, पण ती म्हणते नवऱ्याचं आधी द्या, तो जेवायला फार कटकट करतो."

त्याच खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, तुझं दुसरं टेबल होतं. त्याच्यावर अर्धवट विमान. खऱ्याच्या बहात्तर पट लहान, दोन्ही पंख जोडलेले, नाक अजून नाही. तू मला प्लॅस्टिकची एक चौकट दिलीस, तिच्यात विमानाचे सुटे भाग काडीला चिकटलेले. मी एक भाग पिळून तोडायला गेले तर ओरडलास, "अगं ए कॉन्व्हेंट! तोडायचं नाही, कापायचं. दात उपटत नाहीयेस कोणाचा." मग पॉलिशपेपर दिलास. घास. अजून घास. जोड डोळ्याने बघायचा नाही, नखाने बघायचा. नख अडकलं तर अजून घास. दाताच्या डॉक्टरांकडे असते ती टोकदार सळई घेऊन तू खऱ्या विमानावर असतात तशा पत्र्यांच्या जोडांच्या रेषा कोरायचास, केसाएवढ्या, एका सरळ ओढीत.

शाळेत माझ्या न बोलण्याची सगळ्यांना अडचण व्हायची. बाई आईला बोलावून घ्यायच्या. तुझ्याकडे कोणालाच अडचण नव्हती. "तोंड बंद ठेवून काम करणारी एक तरी बाई या घरात आली," तू मोठ्याने म्हणायचास, आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडायची, "ऐकू येतं हो मला!" मग तू माझ्याकडे बघून जीभ चावायचास. दर शनिवारी मी तुझ्याकडे यायला लागले, ते शाळा संपली, कॉलेज झालं, नोकरी लागली तरी थांबलं नाही. मला मैत्रिणी फारशा नव्हत्या. मला तुझं टेबल होतं. त्याबद्दल मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे, आणि हे मी चिडूनच लिहितेय.

आता तो जॅग्वार. मी कॉलेजात होते. तुझ्या हातात बशी वाजायला लागली होती, पण तू कप तसाच उचलायचास आणि म्हणायचास, बशी कशाला हवी. त्या शनिवारी तू एअरब्रश, तो पेनासारखा धरायचा रंगाचा फवारा, घेऊन बसलास. करडा रंग सुकलेला, वर हिरव्याचे पट्टे मारायचे, तेही कागद न चिकटवता, हाताने. पहिलीच कड वाकडी गेली. थिनरने पुसलीस. पुन्हा मारलीस, पुन्हा वाकडी. पुन्हा पुसलीस. खालचा करडाही निघायला लागला. मी शेजारी बसून एक चाक घासत होते आणि मान वर करत नव्हते. तुझ्याकडे बघू नये एवढं मला कळत होतं.

"केतू," तू म्हणालास. "इकडे ये. तू मार. मी सांगतो."

मी मारला. तू मागे उभा होतास. "मनगट नको, कोपर हलव. थांबू नकोस. थांबलीस की थेंब जमतो. हां. हां. सोड." मी बोट सोडलं. कड बरोबर आली होती. तू वाकून ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलीस आणि मला वाटलं, आता म्हणशील, छान.

"हे आपल्या दोघांत," असं म्हणालास.

कारणही सांगितलंस. काम देणाऱ्या दाताच्या डॉक्टरांना कळलं की विजूचा हात थरथरतो, तर उद्यापासून एक कवळी येणार नाही. मला पटलं. आजही पटतं. मी कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. तुझी लॅब चालावी म्हणून मी गप्प बसले, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटत होता. तुझ्या टेबलावर एक गुपित आहे आणि ते माझ्यापाशी आहे, असा.

मग तू लॅब बंद केलीस. गुडघ्यांचं निमित्त सांगितलंस. गुडघे ठणठणीत होते तुझे. पण ते जाऊ दे. लॅब बंद झाली म्हणजे कारण संपलं. मी वाट बघत बसले की आता सांगशील. ग्रुपचं प्रदर्शन आलं. वागळे इस्टेटमध्ये भोईरशेठचा गाळा, तिथे दर रविवारी तुम्ही जमायचात. त्याच गाळ्यात टेबलं लावून, पांढरी कापडं घालून. जॅग्वारला पहिलं बक्षीस. तू माइक घेतलास. मी मागच्या खुर्चीवर बसले होते, नवा कुर्ता घालून. हो, त्यासाठी नवा कुर्ता घेतला होता.

"आणि ही माझी पुतणी, केतकी," तू म्हणालास. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हिने वेळच्या वेळी चहा पुरवला, म्हणून हे विमान उडालं!"

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. भोईरशेठने हाताने उठ, उठ अशी खूण केली आणि मी उठून नमस्कार केला. मी नमस्कार केला, काका. चहासाठी. मला चहा येत नाही. तुला माहीत होतं. मी एकदा केलेला तेव्हा तू तो खिडकीतल्या कुंडीत ओतला होतास.

परत येताना रिक्षात आपलं भांडण झालं. म्हणजे माझ्या दृष्टीने ते भांडण होतं. रिक्षावाल्याला वाटलं असेल दोघं हळू आवाजात पत्ता विचारतायत.

"लॅब बंद झालीये ना आता? मग आता कोणाला घाबरतोस?"

"तुला बक्षीस पाहिजे का? घे, घेऊन जा तुझ्या घरी."

"बक्षीस नकोय मला."

"मग काय पाहिजे?"

मी नव्या कुर्त्याची बाही ओढत राहिले. तू रिक्षाबाहेर बघत म्हणालास, "केतू, माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे गं. तुझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय."

त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देते. पुढे आयुष्य पडलंय म्हणून आजचं काढून घ्यायचं, हा कुठला हिशेब? तुझी एकच गोष्ट होती, तशी माझीही एकच होती. ऑफिसात मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसते, मीटिंगमध्ये माझं म्हणणं शेजारचा माणूस मोठ्याने म्हणतो आणि ते त्याचं होतं. मला वाटलेलं, निदान तुझ्या खोलीत असं होणार नाही. तूही तेच केलंस, आणि वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस, जसं काही आपण दोघांनी मिळून लोकांना फसवलं.

मग मी येत का राहिले? आई आता हेच विचारते, तिला थोडंफार सांगितल्यावर. "एवढं होतं तर जायचं नव्हतंस." सोपं आहे म्हणायला. एअरब्रश मला ठाण्यातही विकत घेता आला असता. पण कड जाड झाली, हे दुसरं कोण सांगणार होतं? तुझे डोळे शेवटपर्यंत तसेच होते. धूर निघतो त्या भागावर मी पेस्टलच्या खडूची काजळी लावायचे, तू लांबून म्हणायचास, "विमान उडून आलंय की जळून?" आणि मी पुसून पुन्हा लावायचे, आणि तुझंच बरोबर असायचं. आणि तो एअरब्रश. रंगवून झालं की तो पूर्ण उघडून साफ करावा लागतो, सुई काढून, तोंडाचा तो तांदळाच्या दाण्याएवढा भाग धुऊन. वैतागाचं काम. मी कधीच केलं नाही. उशीर झाला म्हणून निघून यायचे आणि पुढच्या शनिवारी तो लखलखीत, जोडून ठेवलेला असायचा. तुझ्या त्या हातांनी तू ती सुई कशी आत घालत असशील, याचा विचार करायला लागले की माझा राग मध्येच अडकतो, आणि मग मला त्याचाही राग येतो.

एकदाच, फक्त एकदाच, मिगच्या पंखाखालचा करडा झाल्यावर तू ते खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलंस आणि म्हणालास, "हे मला जमलं नसतं." हळूच. काकूलाही ऐकू गेलं नाही. हे वाक्य तू गाळ्यात म्हणू शकला असतास. पाच शब्द सुद्धा झाले नसते. तुझ्या साठ वर्षांतलं काही कमी झालं नसतं.

आणि शेवटी त्याच मिगवरून भांडण झालं. मिग-२१चं कॉकपिट केवढं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. मी भिंग लावून त्याच्यातली घड्याळं रंगवली, टूथपिकच्या टोकाने. सीटचे पट्टे केले. पट्ट्यांची बक्कल सुद्धा. आता फक्त वरची पारदर्शक काच बसवायची होती आणि तू म्हणालास, राहू दे, सावकाश लावू. ती काच पांढऱ्या गोंदानेच लावायची असते, आणि तो सुकेपर्यंत थांबायचं असतं. सुपरग्लू नाही. सुपरग्लूची वाफ आत कोंडते आणि काच आतून पांढरी पडते, ती पुन्हा साफ होत नाही. हे मला कोणी शिकवलं? "काचेला सुपरग्लू दाखवायचा सुद्धा नाही," तू म्हणायचास, "नवीन पोरांची चूक असते ती."

पुढच्या शनिवारी आले तर मिग टेबलावर उभं होतं आणि त्याच्या काचेला मोतीबिंदू झालेला होता.

मला लगेच कळलं काय झालं ते. पांढऱ्या गोंदावर काच बराच वेळ न हलवता धरावी लागते. तुझ्या हातात ती राहिली नसणार. सरकली असणार, पुन्हा ठेवली असणार, पुन्हा सरकली असणार. मी येईपर्यंत थांबायचं नव्हतं तुला. एक तरी गोष्ट स्वतः करायची होती. हे सगळं मला त्याच क्षणी दिसलं, आणि तू म्हणाला असतास ना, केतू, नाही जमलं गं, तर मी तिथेच बसून नवी काच मागवली असती.

तू म्हणालास, "धुकं आहे ते. पंजाबात थंडीत असतं तसं."

"माझं कॉकपिट दिसत नाहीये."

"कॉकपिट कोण बघतंय?"

"मी बघते."

"तुझं कॉकपिट, तुझी कड, तुझे पंख," तू म्हणालास, आणि तुझा आवाज चढला. "विमान कोणाचं आहे?"

मी बॅग उचलली. काकू मागून म्हणत होती, अगं जेवून तरी जा, भाकऱ्या झाल्यात. त्यानंतरच्या शनिवारी मी आले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तू फोन केला नाहीस. मग एका सकाळी काकूचा आला.

सगळ्यांना वाटतं, मला अपराधी वाटत असेल. नाही वाटत. फोन तू करायचा होतास. मोठा तू होतास. भांडण अर्धं टाकून गेलास, आणि आता ते मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी करावं लागतंय, आणि तुझ्या बाजूने बोलताना मला तुझाच आवाज येतो, त्याच चिडवण्यासकट. शनिवारी सकाळी अजून माझे हात शिवशिवतात. कोणाकडे जायचं मी?

तेराव्याच्या संध्याकाळी, भांडी आवरताना, मी काकूला सांगितलं की ग्रुपमध्ये खरं काय ते सांगणार आहे. ती पातेलं घासत राहिली.

"त्यांना तेवढंच होतं गं."

"मला माहितीये."

"मग? गेलेल्या माणसाचं आता काय उघडं करायचं? लोक हसतील त्यांना. म्हणतील, पोरीकडून करून घ्यायचे आणि मिरवायचे."

"तेच तर करायचा तो."

काकूने नळ बंद केला. "वर्षभर तरी थांब. माझ्यासाठी."

मी तिला हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. नेहमीसारखं.

परवाच्या रविवारी तुझ्यासाठी गाळ्यात सभा होती. काकूला घेऊन गेले. तुझी सगळी विमानं आदल्या दिवशीच भोईरशेठने टेम्पोने मागवून घेतली होती, फोममध्ये गुंडाळून. लांब टेबल, पांढरं कापड, तुझा फोटो, पुढे पितळी पाटी, तिच्यावर तुझं नाव. सभा सुरू व्हायची होती. देवधरांनी मिग उचललं आणि खिडकीपाशी नेलं.

"अरे, हे काय? सुपरग्लू लावलाय काचेला कोणीतरी."

भोईरशेठ जवळ आला. "विजूभाऊ आसं करंल काय? नाय रं. त्याचा हात म्हंजे काय हात होता."

"शक्यच नाही. ही पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक." देवधरांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा दिसले. ते हसले, अगदी मायेने. "पुतणी बसायची ना शेजारी? तूच लावलीस ना गं ही? होतं बाळा. शिकताना होतं असं."

"त्यात काय!" भोईरशेठ म्हणाला. "माझ्याकं हाच किट आनखी एक परलाय. त्याची काच काडतो, हिथंच बसवू. लोकं यायच्या आत व्हतंय. विजूभाऊचं इमान असं आंधलं कशाला ठेवायचं?"

देवधरांनी खिशातून ब्लेड काढलं. काकूने माझ्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. गप्प बस.

गप्प बसणं किती सोयीचं होतं ते तुला सांगते. नवी काच बसली असती तर माझं कॉकपिट दिसलं असतं. ती घड्याळं, ती बक्कल, सगळं. सगळ्यांनी वाकून बघितलं असतं आणि म्हणाले असते, वा, विजूभाऊ. आणि तू शेवटी स्वतःच्या हाताने केलेली एकमेव गोष्ट कचऱ्याच्या डब्यात गेली असती, माझी चूक म्हणून. तुझं तेही गेलं असतं आणि माझं हेही. मला तुझा इतका राग आला होता की डोळ्यांपुढे टेबल हलत होतं. पण तुझी चूक माझ्या नावावर जाणार होती, आणि ती तुझ्याकडून कोणी काढून घेणार होतं, यातलं जास्त काय सहन होत नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही.

ब्लेडचं टोक काचेच्या कडेखाली गेलं.

"थांबा," मी म्हणाले. बहुतेक मोठ्याने म्हणाले, कारण मागे खुर्च्या मांडणारी माणसंही थांबली. काकूने पदर तोंडाला लावला. "त्या काचेला हात लावू नका. ती काकाने लावलीय. हात थरथरत होता त्याचा, तरी त्याने स्वतः लावलीय." मला श्वास घ्यावा लागला. "बाकीचं विमान माझं आहे."